सून परदेशची, जामीन कोण?

'स्पॉन्सर' म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेटपटूच्या टी-शर्टवरचं नाव आठवतं, नाहीतर गणेशोत्सवाच्या कमानीवरचा ज्वेलर. पण आपल्यापैकी ज्यांनी कधी बायकोच्या डिपेंडंट व्हिसाचे फॉर्म भरलेत, त्यांना या शब्दाचा दुसरा अर्थ पक्का ठाऊक आहे. स्पॉन्सर म्हणजे जो सही करून सांगतो, "ही बाई माझी जबाबदारी." जुन्या मराठीत याला सरळ शब्द होता.. जामीन!

या वीकेंडचा विषय मला एका मित्रामुळे सुचला. गडी मूळचा डोणगावचा. डोणगाव म्हणजे बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर (मालेगाव म्हणजे वाशीमचं, नाशिकचं नव्हे). नोकरी पुण्यात, आणि लग्न ठरलंय व्हिएतनामच्या मुलीशी. घरचा विरोध तसा मावळलाय, पण त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला, "पोरीच्या मांगं कोन हाय?" म्हणजे तिच्या मागे उभं राहणारं माणूस कोण? मित्राला तो प्रश्न जुनाट वाटला. मला मात्र तो व्हिसा-फॉर्मच्या भाषेत विचारल्यासारखा वाटला. सरकारही नेमकं हेच विचारतं, फक्त तीन प्रतींत!

म्हणून म्हटलं, परदेशी बायको घरी आणणाऱ्यांना हा प्रश्न याआधी कोणी, कसा विचारला ते जरा बघू. आपल्या मराठी मुलखात याचं एक भन्नाट उदाहरण आहे, आणि ते शंभर वर्षांच्या आतलं आहे.

इंदूर, १९२८

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचं नाव आज निघतं ते बहुतेक वेळा बावला खून खटल्यामुळे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मुमताज बेगम ही इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी त्याच्यासोबत गाडीत होती. प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि १९२६ साली महाराजांना गादी सोडावी लागली. गादीवर मुलगा आला, यशवंतराव.

गादी गेली, पण माणूस चाळीशीच्या आतलाच. पुढे त्यांचं लग्न ठरलं अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलर या विशीतल्या मुलीशी. आता आली पंचाईत. हे लग्न लावायचं कुठल्या कायद्याने?

ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा नोंदणी विवाहाचा एक कायदा होता, १८७२ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट. त्याची अट ऐका. वधू-वरांनी लिहून द्यायचं, की आम्ही ख्रिश्चन, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यातला कुठलाच धर्म मानत नाही! १९२३ साली हरिसिंह गौर यांनी यात दुरुस्ती करून घेतली. हे गौर म्हणजे आपल्या जुन्या मध्य प्रांतातले, नागपूरला वकिली केलेले. त्यांच्या दुरुस्तीमुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसात धर्म न नाकारता नोंदणी विवाह करता येऊ लागला. पण एक हिंदू आणि एक ख्रिश्चन असेल तर? त्यांना जुनंच शपथपत्र.

शिवाय त्या कायद्यात आणखी एक अट होती. दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नको. तुकोजीरावांची आधीच दोन लग्नं झालेली होती. म्हणजे इंदूर संस्थान बाजूला ठेवून ब्रिटिश मुलखात जाऊन नोंदणी करतो म्हटलं असतं, तरी फॉर्म पहिल्याच पानावर रिजेक्ट.

उरला एकच मार्ग. हिंदू पद्धतीचं लग्न. त्यात त्या काळी एकाहून जास्त बायकांना आडकाठी नव्हती. पण तिथे दुसरे रकाने होते.. मुलीचा धर्म काय? जात काय? आणि कन्यादान करणार कोण?

आता गंमत बघा. हे सगळे रकाने एकेक करून भरले गेले. नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने शुद्धीचा विधी झाला. धर्माचा रकाना भरला. नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली. नावाचा रकाना भरला. होळकर धनगर समाजाचे, म्हणून लांभाते या धनगर घराण्याने तिला मुलगी म्हणून दत्तक घेतलं. त्याबरोबर जात आणि वडिलांचं नाव हे दोन्ही रकाने भरले, शिवाय कन्यादानाला बापही मिळाला. मग मार्च १९२८ मध्ये नर्मदेकाठच्या बडवाह इथे लग्न लागलं.

आपण हे वाचताना 'काय हा थाटमाट' म्हणून हसतो. पण नीट पाहिलं तर ही अगदी शिस्तीत पार पाडलेली व्हिसा-प्रक्रिया आहे. शंकराचार्य म्हणजे प्रमाणपत्र देणारा अधिकारी. आणि लांभाते म्हणजे स्पॉन्सर. सिएटलच्या मुलीच्या मागे कोण आहे, या प्रश्नाला आता उत्तर होतं. तिच्या मागे एक मराठी घर होतं.

आणि तिकडे अमेरिकेत?

इंदूरमध्ये तिला नवं नाव, नवा बाप मिळत असताना तिच्या स्वतःच्या देशाचा कायदा काय म्हणत होता? तो म्हणत होता, तू आता आमची नाहीस.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. त्या काळात बहुतेक देशांत एकच नियम होता, बायकोचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागे जातं. ब्रिटिश साम्राज्याचा १९१४ चा कायदा तेच सांगायचा. ब्रिटिश प्रजाजनाची बायको ब्रिटिश, परक्याची बायको परकी. अमेरिकेने १९०७ साली असाच कायदा केला. डेटाबेसवाल्यांना सांगायचं तर बायकोला स्वतंत्र रेकॉर्डच नव्हतं. ती नवऱ्याच्या रेकॉर्डला लटकलेली 'फॉरिन की'! नवऱ्याची ओळ बदलली की तिची आपोआप बदलणार, त्याची उडाली की तिचीही उडणार.

अमेरिकन बायकांना १९२० मध्ये मताचा अधिकार मिळाला आणि १९२२ मध्ये केबल ॲक्ट आला. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून बाईचं नागरिकत्व जाणार नाही, असं त्याने ठरवलं. पण खाली बारीक अक्षरांत एक अपवाद होता. नवरा जर 'नागरिकत्वास अपात्र' परदेशी असेल, तर मात्र जाणार. अपात्र कोण? जो गोरा नाही आणि आफ्रिकी वंशाचाही नाही, तो. आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही.

दोन्ही एकत्र वाचा. कायद्याच्या शब्दांनुसार मार्च १९२८ मध्ये बडवाहला अक्षता पडल्या त्या क्षणी सिएटलची नॅन्सी मिलर अमेरिकन उरली नाही. हा अपवाद १९३१ साली रद्द झाला, म्हणजे तिच्या लग्नानंतर तीन वर्षांनी.

थिंड यांची बाजू सुप्रीम कोर्टात मांडणाऱ्यांत एक हिंदुस्थानी वकील होता, सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा. १९०६ मध्ये अमेरिकेत गेला, १९१४ मध्ये तिथला नागरिक झाला, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली, आणि १९२० मध्ये लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईशी लग्न. थिंड खटला हरल्यावर सरकारने मोर्चा वळवला तो आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांकडे. 'तुम्हाला नागरिकत्व दिलं तीच चूक होती, ते परत करा.' त्यांत पंडितही.

आता यात अडकली कोण? लिलियन. १९२० साली १९०७ चाच कायदा लागू होता. पंडित मुळात नागरिक झालेच नव्हते असं ठरलं, तर तिने लग्न केलं ते परक्याशी, म्हणजे तिचंही नागरिकत्व लग्नाच्या दिवशीच गेलं. बाई अमेरिकेत जन्मली, अमेरिकेतच राहिली, एक सीमा ओलांडली नाही, आणि तरी बिनदेशाची होणार! पंडितांनी स्वतःच्या खटल्यात हाच मुद्दा पुढे केला. तुम्ही दिलेल्या कागदावर विसंबून मी वकील झालो, संसार केला. आता तो कागद मागे घेतलात तर माझ्याबरोबर माझी बायकोही उघड्यावर पडते. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने इतर हिंदुस्थानींविरुद्धचे असे खटले सोडून दिले.

मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो. कारण थिंड खटल्यात वंश, वर्ण, आर्य असले मोठमोठे शब्द होते आणि तो हरला. पंडितांचा खटला एका संसाराबद्दल होता, आणि तो जिंकला.

आणि डोणगावकर?

समजा १९२८ साली डोणगावच्या एखाद्या माणसाने परदेशी मुलीशी लग्न केलं असतं, तर ती कुठली झाली असती? ब्रिटिश? चूक! डोणगाव वऱ्हाडात येतं. आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. कलेक्टर इंग्रजांचा, शाळा इंग्रजांची, रेल्वे इंग्रजांची, पण जमिनीवरचं सार्वभौमत्व हैदराबादचं. म्हणून तर १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होती. म्हणजे ज्याच्या मागे उभं राहून तिला कागद मिळायचा, त्या नवऱ्याच्याच मागे नक्की कोण, याचं उत्तर दोन राजधान्यांत विभागलेलं!

स्वातंत्र्यानंतर

१९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याने एक चांगली गोष्ट केली. लग्नाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही आणि जातही नाही. अर्ज करावा लागतो. बायकोचं रेकॉर्ड स्वतंत्र झालं. सोनिया गांधींचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. लग्न १९६८ मध्ये, नागरिकत्वाची नोंदणी १९८३ मध्ये.

पण मूळ कलमात शब्द होता 'स्त्रिया'. भारतीयाशी लग्न केलेल्या स्त्रिया. म्हणजे मराठी मुलीने परदेशी नवरा आणला, तर त्याच्यासाठी हे दार नव्हतंच. १९८६ च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आल्या, आणि पाच वर्षं भारतात राहण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात केली.

लग्नाचा कायदाही बदलला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात धर्म नाकारण्याची अट नाही. भारतात कुठल्याही दोन धर्मांच्या, दोन देशांच्या माणसांना त्याखाली लग्न करता येतं. आणि परदेशात असाल तर १९६९ च्या परकीय विवाह कायद्याखाली आपल्या वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोरही करता येतं, दोघांपैकी एक भारतीय असला की झालं. शुद्धी नको, दत्तक बाप नको. माझ्या मित्राला धर्माचा किंवा जातीचा रकाना भरावा लागणार नाही. तुकोजीरावांना जे महिनाभरात जमवावं लागलं, त्यातलं निम्मं काम कायद्याने पुसून टाकलंय.

उरलेलं निम्मं मात्र आहे. मित्राची यादी सांगतो, कारण वाचकांपैकी एखाद्याला उद्या लागेल.

पहिलं, ती अविवाहित असल्याचा दाखला. व्हिएतनाममध्ये तो तिच्या राहत्या भागातली जनसमिती देते (आपल्याकडच्या ग्रामपंचायत-वॉर्ड ऑफिससारखं समजा). मग त्याचं भाषांतर आणि त्यावर अधिकृत शिक्के.

दुसरं, नोटीस. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं. नोटीस दिली की ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहायची. लग्नाला तीन साक्षीदार. यात एक बारकावा आहे. नोटीस पुण्यात दिली, पण कायमचा पत्ता डोणगावचा लिहिला, तर तिची प्रत बुलढाणा जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. तेव्हा घरी सांगून ठेवा, नाहीतर गावाला आधी कळेल!

तिसरं, व्हिसा. भारतीयाच्या जोडीदारासाठी एंट्री व्हिसा असतो, त्याला एक्स व्हिसा म्हणतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची. मोठ्या शहरांत त्याचं वेगळं कार्यालय आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे असतं. अर्ज आता ऑनलाइन होतो. आणि जुने १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा लागू झालाय, तेव्हा नेटवर जुनी माहिती वाचून निघू नका.

चौथं, नवऱ्याचं हमीपत्र. ही बाई माझ्याकडे राहते, तिची जबाबदारी माझी. हाच तो जामीन.

पाचवं, ओसीआय कार्ड. २०१५ च्या दुरुस्तीपासून नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला त्यासाठी अर्ज करता येतो. आयुष्यभराचा व्हिसा, पोलिसांकडे नोंदणीतून सूट. पण लग्न मोडलं तर कार्ड रद्द होऊ शकतं.

इथे मी थांबलो. कारण ही पुन्हा तीच 'फॉरिन की' आहे. १९२२ च्या आधी नवऱ्याबरोबर बायकोचा देश जायचा. आज देश जात नाही, पण राहण्याचा हक्क नवऱ्याला बांधलेला राहतो. हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. आपल्यातल्या किती हुशार मुली अमेरिकेत एच-फोरवर वर्षानुवर्षं घरी बसल्या आठवा. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळाली, तीसुद्धा नवऱ्याचं ग्रीनकार्ड एका टप्प्याला पोचलं असेल तर. आपण त्याविरुद्ध खूप बोललो, आणि बरोबरच बोललो. मग तोच हिशेब आपल्या घरी येणाऱ्या मुलीसाठीही मांडायला हवा.

होळकरांच्या घराण्यातली पुढची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. शर्मिष्ठादेवी इंदूरच्या होऊन राहिल्या, त्यांना चार मुली झाल्या. मुलगा यशवंतराव, त्यांनीही पुढे अमेरिकन बायकांशी लग्नं केली. त्यातून १९४४ मध्ये मुलगा झाला, रिचर्ड. पण आई परदेशी. १९५० मध्ये भारत सरकारने वारस म्हणून मान्यता दिली ती आधीच्या पत्नी संयोगितादेवींच्या मुलीला, उषादेवींना. कागदाने रिचर्ड होळकर वारस नाहीत. याच रिचर्ड होळकरांनी आणि त्यांच्या पत्नीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला रेहवा ही संस्था काढून तिथल्या मरायला टेकलेल्या हातमागात जीव ओतला. आज आपल्या घरातल्या बायका हौसेने महेश्वरी नेसतात, त्यात त्या अमेरिकन सुनेच्या मुलाचा वाटा आहे. कोण कुठलं, हे कागद एका रकान्यात सांगतो. माणसं ते सांगायला चाळीस-पन्नास वर्षं घेतात.

असो. मित्राला मी दोन गोष्टी सांगितल्यात. तिचा पासपोर्ट, लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत आणि नोंदणीचे कागद तिच्या स्वतःच्या ताब्यात असू देत, सासरच्या कपाटात नकोत. आणि व्हिसाच्या तारखा, ऑनलाइन अर्जाचा लॉगिन, पोलिस कार्यालयाचा नंबर हे सगळं तिला स्वतःला माहीत हवं. मराठी येईपर्यंत इंग्रजीत, नाहीतर व्हिएतनामीत लिहून दे. जामीन राहायचं ते राहा, सही कर, अभिमानाने कर. पण ती तुझी सही नसतानाही या देशात ताठ उभी राहील, एवढी तयारी पहिल्या वर्षातच करून टाक.

लग्न दिवाळीनंतर आहे. नोटिशीचे ३० दिवस मोजायला सुरुवात झाली आहे.